ओळंब्यात वर्तुळ कुठून आलं?

नववी-दहावीला गणित शिकवायचे तेव्हा दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, हे खरं असतं की वहीपुरतं?" त्याचं उत्तर मी फळ्यावर दिलं नाही. ओळंबा टांगायला लावायचे. तुम्हीही घरी करून बघा.

गवंड्याचा ओळंबा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नसेल तर जड कुलूप चालेल. गोधडी शिवायच्या दोऱ्याने तो आकाशकंदिलाच्या हुकाला टांगा. हुकापासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत १ मीटर हवं. गाठ मारताना दोरा आखडतो, म्हणून टांगल्यावर पुन्हा मोजा.

चार बोटं बाजूला ओढून सोडा, ढकलू नका. जाऊन परत आला की एक झोका. सोडताना 'शून्य' म्हणा. 'एक' म्हटलंत की सगळा हिशेब एका झोक्याने चुकतो. २० झोक्यांना साधारण ४० सेकंद लागतील. आता दोरा २५ सेंटिमीटर करा. लांबी पाव झाली, वेळ मात्र निम्मा: २० सेकंद. पुस्तकातल्या लंबकाच्या, म्हणजे टांगून झुलणाऱ्या वजनाच्या, सूत्रात (एका झोक्याचा वेळ = २π√(लांबी ÷ g), g म्हणजे गुरुत्व त्वरण) लांबीचं वर्गमूळ आहे, आणि लोखंडाचा गोळा ते पाळतो.

त्याच सूत्रात 'पाय' आहे, वर्तुळाचा ३.१४. इथे वर्तुळ कुठंय? दोरा परत १ मीटर करा, ओळंब्याला छोटासा गोल फेरा द्या आणि डोळे त्याच्या उंचीला आणून बाजूने पाहा. फेरा नुसता जा-ये दिसतो. वेळही तोच भरतो. मग वर्तुळ ओळंब्यात होतं, की आपण तिथे नेलं?

ठरवायची घाई नको. ओळंबा ६० अंशांपर्यंत ओढा, म्हणजे तो हुकाच्या बरोबर अर्धा मीटर खाली येईल. समोर कुणी उभं नको. ५ झोक्यांना मघाच्या हिशेबाने १० सेकंद हवेत. आता त्यावर अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागेल. पुस्तकातलं सूत्र इथे पुरत नाही, ते लहान झोक्यांपुरतंच आहे. डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सने १६७३ मध्येच मांडलं होतं की झोका लहान असो वा मोठा, वेळ तंतोतंत सारखा राहतो तो सायक्लॉइड नावाच्या वक्रावर (सरळ घरंगळणाऱ्या चाकाच्या काठावरचा बिंदू आखतो तो). वर्तुळाच्या कमानीवर नाही.

माझं म्हणणं एवढंच, की सूत्रातल्या लंबकाच्या दोऱ्याला वजन नसतं, गोळा बिंदूएवढा असतो, हवा नसते. असा लंबक जगात कुठेच नाही. तरी हुकाला टांगलेला ओळंबा त्याच्या इतक्या जवळून चालतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पुढच्या रविवारी १५, ३० आणि ४५ अंशांचे आकडे घ्या, दरवेळी २० झोके. फरक कुठून पकडता येतो, ते मुलांना शोधू द्या.