सर्फ फोटोग्राफी शिकायला निघालेल्या सोलापूरकराचा कॅमेरा कशानं बुडाला

मी लग्नाच्या ऑर्डरी मारून पोट भरतो आणि समुद्र बघायचा म्हटलं तर इथून रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या वर जावं लागतं, त्यामुळं सर्फ फोटोग्राफीचं, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरणाऱ्यांचे फोटो काढायचं, नाव काढलं की दोस्त विचारतात, "सिद्धेश्वर तलावात लाटा आल्या का बे?" विचारू द्या. मुंबई-चेन्नई लाइन आपल्याच स्टेशनातून जाते, गाडी न बदलता चेन्नई, पुढं बसनं कोवळम. केरळातलं नाही, चेन्नईजवळचं.

शटर, आयएसओ येतंय असं धरून चालतो. शटर १/१००० च्या खाली नेऊ नका. पांढरा फेस बघून कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि फोटो काळपट येतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वर घ्या. किनाऱ्यावरून काढायचं तर ४०० एमएमची लेन्स तरी पाहिजे, माझी लग्नातली ७०-२०० ची नेली होती, सर्फर मुंगीएवढा आला.

उजेडाचंही तसंच. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातूनच वर येतो, मग सकाळी सगळी माणसं काळी सावली, आणि लाटा मात्र सकाळीच गुळगुळीत कारण वारा जमिनीकडून असतो. दुपारी ऊन आपल्या पाठीमागं येतं तोवर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा विस्कटतात. कर्नाटकात मुल्कीला, पश्चिम किनाऱ्यावर, सकाळी दोन्ही जमतं, ऊन पाठीमागं आणि लाटा गुळगुळीत. हे मला तिकीट काढल्यावर कळलं.

आता खरं दुखणं. चार लग्नांचे पैसे घालून मी सेकंडहँड वॉटर हाउसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्यात न्यायचा बंद डबा, घेतलं. त्याच्या झाकणात खोबणीत एक रबरी रिंग असते, ओ-रिंग, पाणी अडवायचं काम तिचं. मी आदल्या रात्री ती काढली, धुतली आणि घरून नेलेल्या कोऱ्या टॉवेलनं पुसली. टॉवेल कुठला, तर आपला सोलापुरी! आईनं बॅगेत घातलेला, जाडजूड, मऊ, आणि कोरा टॉवेल सूत सोडतो हे सोलापुरात जन्मून मला सुचलं नाही. अर्ध्या बोटाएवढा एक धागा रिंगवर राहिला. झाकण बसलं, क्लिप लागल्या, सगळं घट्ट. पण रिंग आणि झाकण यांच्यामध्ये धागा आडवा पडला की त्याच्या कडेकडेनं पाण्याला वाट मिळते, वातीतून तेल चढतं ना, तसं. कमरेएवढ्या पाण्यात होतो. खोल गेलं की पाण्याचा दाब रिंगला घट्ट बसवतो, वरवरच्या पाण्यात तो दाब नसतो आणि लाटांचे धपके बसतात, म्हणून उथळ पाण्यात काय होतंय असं म्हणू नका. अकरा फोटो निघाले. शेवटच्यात काचेच्या आतल्या बाजूला थेंब दिसतोय.

म्हणून रिंग फक्त मायक्रोफायबरनं पुसा, नाहीतर नुसत्या स्वच्छ बोटानं. डोळे मिटून बोट गोल फिरवा, खडा किंवा केस बोटाला आधी कळतो. मग टॉर्च तिरकी धरून खोबणी बघा. ग्रीस अगदी पुसट, रिंग चमकेल इतकंच, ग्रीसचा थर दिला की वाळू चिकटते आणि पाणी ग्रीस अडवत नाही, रिंग अडवते. शेवटी कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून हाउसिंग बादलीत अर्धा तास दाबून धरा, टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. आणि पाणी शिरलंच तर चालू करून बघू नका, आधी बॅटरी काढा. तांदळात ठेवायचा सल्ला देणाऱ्याला भात वाढा आणि घरी पाठवा, मीठ तांदळानं निघत नाही. दुरुस्तीवाले मामा बोर्डवरचा हिरवा थर बघून नुसते "च्च" म्हणाले.

घाबरू नका मात्र. सोलापुरात बसून निम्मं शिकता येतं. मी उन्हाळ्यात विहिरीवर जातो, पोरं काठावरून सूर मारतात, पाणी उडतं त्याच्या आधीच्या क्षणाला दाबायला शिका, फोकस धरून ठेवायला याच्याइतकी स्वस्त शाळा नाही. हिप्परग्याच्या तलावावर पाणकावळे आहेतच. ऑनलाइन कोर्स विकणाऱ्यांचा मला राग आहे, एकानं मला दोन हजाराला प्रीसेट, म्हणजे फोटोचे रंग बदलायच्या तयार सेटिंग, विकले आणि पाण्याला ओढ कुठं असते ते एका शब्दानं सांगितलं नाही. कोवळमला सर्फिंग शिकवणारी बरीच पोरं कोळ्यांच्या घरातली आहेत, त्यांच्याबरोबर चहा प्या, ओढ कुठं ते बोटानं दाखवतील.

पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलं पोहणं समुद्रात पुरत नाही. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, घालून, हातात वजन धरून पोहायची सवय आधी करा, महिनाभर तरी. ते होईपर्यंत किनाऱ्यावरूनच काढा, मी सध्या तेच करतोय, भाड्याच्या १५०-६०० लेन्सवर.

टॉवेल अजून नेतो. अंग पुसायला.