न्यायालयाच्या निकालांवर लेख लिहिताय? या चुका टाळा

मोठा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी त्यावर 'विश्लेषण' येतं. पाचशे पानांचं निकालपत्र एका रात्रीत पचत नाही, पण नवख्यांना धीर नसतो.

एका निकालपत्रात अनेक न्यायमूर्तींची वेगवेगळी मतं असू शकतात. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे त्यातलं पहिलं मत वाचून थांबणं. एलएलएमच्या (कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) एका विद्यार्थ्याचा प्रबंध माझ्याकडे तपासायला आला होता. विषय मराठा आरक्षणाचा, ५ मे २०२१चा निकाल. त्याने लिहिलं होतं की १०२व्या घटनादुरुस्तीनंतरही मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार शाबूत आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. खाली न्या. अशोक भूषण यांच्या मतातला उतारा. उतारा अचूक, निष्कर्ष नेमका उलटा! त्या मुद्द्यावर न्या. भूषण आणि न्या. अब्दुल नझीर अल्पमतात होते, न्या. राव, न्या. गुप्ता आणि न्या. भट या तिघांनी तो अधिकार राज्यांकडे उरला नाही असं ठरवलं. आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा कायम ठेवण्यावर मात्र पाचही जणांचं एकमत. राज्यांचा अधिकार शाबूत होता, तर मग तो परत देण्यासाठी त्याच वर्षी १०५वी घटनादुरुस्ती कशाला करावी लागली, असं विचारल्यावर त्याला उत्तर देता येईना. धोरणावरचं अख्खं प्रकरण त्याला नव्याने लिहावं लागलं.

मी कोऱ्या कागदावर तक्ता आखतो. उभे मुद्दे, आडवे न्यायमूर्ती. प्रत्येक चौकटीत हो किंवा नाही भरल्याशिवाय लेखाची एक ओळही लिहीत नाही. तयार सारांशावरून हा तक्ता भरू नका, मूळ निकालपत्र उघडा.

दुसरी चूक, ओघात आलेल्या मताला निकाल समजणं. १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने ६ विरुद्ध १ अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला, म्हणजे आरक्षणासाठी त्यांचे उपगट पाडायला, मान्यता दिली. चौघांनी क्रीमी लेयर असावी, म्हणजे त्यातल्या पुढारलेल्यांना आरक्षणातून वगळावं, असंही मत नोंदवलं, पण तो प्रश्न पीठापुढे नव्हताच. तरी 'कोर्टाने क्रीमी लेयर लावली' असं बेधडक लिहिलं गेलं. अशा वाक्यांनी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांच्या घरात धास्ती पसरते, याचा मला खरा राग येतो.

अंतरिम स्थगिती, म्हणजे खटला चालू असताना दिलेली तात्पुरती स्थगिती, हा निकाल नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका (अपिलाची परवानगी मागणारा अर्ज) कारण न देता फेटाळली, म्हणजे उच्च न्यायालयाच्या मतावर शिक्कामोर्तब झालं असं होत नाही. यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 'कुन्हायम्मद' निकाल २००० सालचा आहे, तो वाचा.

आणि 'सरकारने कायदा करावा' असं लिहिताना केंद्र की राज्य, ते लिहा. केंद्र आणि राज्यांचे विषय वाटून देणारी संविधानाची सातवी अनुसूची उघडून.