गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड तापतंय? आधी हे तपासा

एचडब्ल्यूइन्फो (पीसीचं तापमान, वेग वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून अर्धा तास गेम खेळा आणि जीपीयूचं (कार्डावरच्या मुख्य चिपचं) तापमान, हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वात तापलेल्या जागेचं तापमान) व क्लॉक (चिपचा वेग) हे तीन आकडे बघा. मुख्य तापमान ६५ ते ८० अंश सेल्सिअस असेल तर काळजी नको. ८५च्या वर जाऊन क्लॉकही घसरत असेल, तर कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतंय. गेम अडखळतो तो त्यामुळेच.

आता कॅबिनेटचं साइड पॅनल काढून पुन्हा मोजा. तापमान ५-७ अंशांनी उतरलं तर दोष कार्डाचा नाही, कोंडलेल्या हवेचा. पुढचा फिल्टर साफ करा, मागे हवा बाहेर फेकणारा पंखा लावा.

धूळ काढताना पीसी बंद, केबल बाहेर. पंख्याचं पातं बोटाने धरूनच हवा मारा, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं.

आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्ड किती वीज घेऊ शकतं ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच घटतात, उष्णता बरीच. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमही ६०वर बांधा; मेनू स्क्रीनसाठी शेकडो फ्रेम काढून काय हशील?

हॉटस्पॉट मुख्य तापमानापेक्षा २५-३० अंशांनी जास्त असेल, तर बहुधा थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंक या धातूच्या भागाकडे नेणारा लेप) सुकली आहे किंवा कडेला सरकली आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदललेत तर जाडी तीच हवी: अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅडनेही हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र अटी वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.