पणजोबा नेमके जन्मले कुठं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पणजोबांच्या जन्मगावाची तीन उत्तरं होती. शाळेच्या दाखल्यावर बडोदे, नोकरीच्या कागदावर ‘नेवरी, जि. सातारा’, आणि आत्याआजी सांगायची ते रत्नागिरीकडचं नेवरे. तुमच्याकडेही असा घोळ असेल तर कुठला कागद खरा हे लगेच ठरवू नका. ही माहिती कुणी दिली आणि त्याला काय विचारलं होतं, ते आधी बघा. ‘गाव कोणतं?’ म्हटलं की आपली माणसं मूळ गाव सांगतात, जन्माचं नव्हे.

पहिली शोधा जन्मपत्रिका. आमची देवघरातल्या फडताळात, सोवळ्याच्या गाठोड्यात होती. घड्यांवर फाटलेली, कुंकवाचे डाग पडलेली. तीत शके १८०७, माघ. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला जन्म असेल तर ७९ मिळवायचे. म्हणजे १८८६, आणि नोकरीच्या कागदावरही तेच साल!

पत्रिकेत पलभा दिली असेल तर ती सोडू नका. बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, विषुवदिनी (दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा) भर दुपारी पडणारी सावली म्हणजे पलभा. गाव जितकं उत्तरेला तितकी ती लांब. बडोद्याची पाच अंगुळांच्या जरा आत येते. आमच्या पत्रिकेत होती ३ अंगुळं ४४ व्यंगुळं (साठ व्यंगुळांचं एक अंगुळ), म्हणजे अक्षांश साधारण सव्वासतरा. बडोदं बाद झालं. दोन्ही नेवऱ्या मात्र जवळपास त्याच अक्षांशावर, तिथं पलभेचा उपयोग नाही.

मग त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले. आडनाव आणि कूळ सांगितल्यावर त्यांनी आमच्या घराण्यातल्या यात्रेकरूंच्या नोंदींची वही काढली. पणजोबांच्या वडिलांच्या हातची मोडी ओळ होती, त्यात नेवरी, तालुका खानापूर. जुन्या कागदातला सातारा जिल्हा आजच्या नकाशावर शोधू नका; खानापूर, तासगाव, वाळवे हे तालुके १९४९ मध्ये वेगळ्या जिल्ह्यात गेले, तोच आताचा सांगली.

मूळ गाव ठरलं, पण मला चैन पडेना. पणजोबा थोरले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मी कशी विसरले होते? म्हणून लग्नाची याद धुंडाळली. देण्याघेण्याच्या यादीवर दोन्ही घरांची गावं असतात. पणजोबांच्या आईचं माहेर तासगाव तालुक्यातलं निघालं.

अशा वेळी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद असलेल्या कोतवाल बुकाच्या नकलेचा अर्ज करा. नोंदी बहुधा मोडीत असतात, मोडी वाचणारं माणूस सोबत न्या. मुलाचं नाव शोधत बसू नका, ते पुष्कळदा नसतंच. तारीख आणि बापाचं नाव धरून पानं उलटा. आम्हाला तिथं १८८६ च्या फेब्रुवारीत, आजोळच्या गावाखाली, त्यांच्या वडिलांचं नाव मिळालं. पुढं एकच शब्द होता: मुलगा.