वळिवाचा इशारा वाचताना आणि वाचल्यानंतर

एप्रिल-मे महिन्यांत हवामान विभागाच्या अंदाजात अशा धर्तीचे वाक्य वारंवार येते: तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा. यातला ‘तुरळक’ हा शब्द वाचून अनेकजण निर्धास्त होतात. वास्तविक तुरळक म्हणजे हलका नव्हे. पावसाची नोंद घेणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ आहे. ज्या शिवारावर तो ढग येईल, तिथे त्याचा जोर पुरताच असतो.

इशाऱ्याचे रंगही असेच नीट वाचावे लागतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. मात्र हा रंग संपूर्ण जिल्ह्यासाठी व संपूर्ण दिवसासाठी असतो, म्हणून त्यावरून सकाळीच दिवसाची कामे बेतावीत. दुपारनंतर मात्र ‘पुढील तीन तासांत’ असा उल्लेख असलेला तात्कालिक इशारा पाहावा, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवावे, कारण आपल्या आसपास कुठे विजा पडत आहेत हे त्यावर दिसते.

सकाळी कामे बेतण्यावर माझा भर आहे, त्याला कारण आहे. आभाळ भरून आल्यावर उघड्यावरचा कडबा, वाळत घातलेली हळद किंवा कांदा झाकण्यासाठी माणसे रानात धावतात, आणि नेमक्या त्याच वेळी वीज पडण्याचा धोका सर्वाधिक असतो. ताडपत्री सकाळीच टाकून तिच्या कडांवर दगड ठेवावेत, आणि जनावरे झाडाखाली बांधलेली असतील तर तेव्हाच हलवावीत.

वळीव जवळ आल्याची खूण सहज ओळखता येते. दिवसभराचा उकाडा असह्य होतो, वारा पडतो, क्षितिजावर काळानिळा ढग चढतो, आणि मग अचानक धुळीसह गार वाऱ्याचा झोत अंगावर येतो. हा गारवा सुखद वाटला तरी तो त्या ढगातून खाली कोसळून पुढे पसरलेल्या थंड हवेचा असतो. म्हणजेच वादळ अगदी दाराशी आलेले असते. पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये, कारण वीज ढगापासून १० ते १५ किलोमीटर अंतरावर, कोरड्या जागीही पडू शकते. गडगडाट ऐकू आला, की आपण तिच्या टप्प्यात आहोत असे समजावे.

आसरा म्हणजे पक्के घर, किंवा काचा बंद केलेली, धातूच्या टपाची मोटार. ट्रॅक्टर, दुचाकी, झाड आणि पत्र्याची उघडी शेड हा आसरा नव्हे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर जुने कडुनिंबाचे झाड कोसळले आणि शेडमधील सात जणांचा मृत्यू झाला. म्हणून डोक्यावर छप्पर आहे का, एवढेच न पाहता त्या छपरावर काय कोसळू शकते, हेही पाहावे. घरात आल्यावर नळ, आंघोळ, खिडक्या आणि चार्जरला लावलेला मोबाइल यांपासून दूर राहावे.

रानात अडकलोच, तर उंच जागा, पाणी आणि तारेचे कुंपण सोडून सर्वांनी एकमेकांपासून लांब व्हावे व दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये, कारण वीज जमिनीतून पसरते. ही केवळ निरुपायाची तडजोड आहे; आसरा जवळ असेल, तर तिकडेच जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे उलटल्याशिवाय बाहेर पडू नये.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्यामुळे त्याला हात लावण्यास भिऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करावा, आणि श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, रुग्णवाहिका येईपर्यंत दाब देत राहावे.