दिल्लीहून दोन दिवसांत ग्वाल्हेर आणि झाशी, मुक्काम मित्राकडे

ऐतिहासिक शहर पाहणे आणि तिथल्या मित्राला भेटणे ही दोन्ही कामे एकाच शनिवार-रविवारी उरकायची असतील, तर वेळापत्रकात सर्वांत आधी मित्राची संध्याकाळ लिहावी आणि किल्ले, राजवाडे नंतर बसवावेत. पहिल्या वेळी मी नेमके उलटे केले होते. आग्रा, ग्वाल्हेर आणि झाशी या तिन्ही ठिकाणी उतरण्याच्या हट्टापायी ग्वाल्हेरच्या मित्राशी जेमतेम अर्धा तास बोलणे झाले, तेही त्याच्या स्कूटरवर मागे बसून. म्हणून आग्रा वाटेत लागत असले तरी ते सरळ सोडून द्यावे. दिल्लीहून ते एका दिवसात वेगळे करता येते.

या बेतासाठी सर्वांत सोयीची गाडी म्हणजे हजरत निजामुद्दीनहून सकाळी आठच्या सुमारास सुटणारी गतिमान एक्सप्रेस. ती दुपारच्या आत ग्वाल्हेरला पोहोचवते, पुढे झाशीपर्यंत जाते आणि तिथून दुपारी तीनच्या सुमारास परत निघते. वेळा बदलत असल्याने तिकीट काढताना त्या पुन्हा पाहाव्यात. ही गाडी शुक्रवारी धावत नाही, त्यामुळे सुट्टी एक दिवस आधी घेणाऱ्यांनी वेगळी गाडी शोधावी. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. जातानाचे तिकीट दिल्ली ते ग्वाल्हेर आणि येतानाचे झाशी ते दिल्ली असे काढावे. झाशी स्थानकाचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे आहे, हे शोधताना ध्यानात ठेवावे. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत या पट्ट्यात दाट धुके पडून गाड्या रखडतात, तर मे-जूनमध्ये किल्ल्यावरचा दगड भाजून निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम.

मित्राला गाडीची वेळ कळवावी, पण स्टेशनवर बोलावू नये. गाडी उशिरा आली तर त्याची निम्मी सुट्टी फलाटावर जाते. किल्ला दाखवायलाही त्याला गळ घालू नये, कारण आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर तो वर चढून कंटाळलेला असण्याचीच शक्यता अधिक. किल्ला आपण एकट्याने पाहावा आणि संध्याकाळी त्याच्या घरी जावे.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर वाहने पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने जातात. पायांत बळ असेल तर मात्र पूर्वेच्या बाजूने, गुजरी महालापासून चालत चढावे, कारण याच वाटेवर कातळात कोरलेले छोटे चतुर्भुज मंदिर लागते. त्यातील इ. स. 876 च्या शिलालेखात मंदिराला दिलेल्या बागेचे माप 187 गुणिले 270 हात असे नोंदलेले आहे, आणि त्या 270 मधले शून्य आपण आज लिहितो तसेच गोल आहे. शेजारच्या अंकांपेक्षा ते इतके बारीक आहे की नजर सहज त्यावरून घसरते, म्हणून आधी दोन आणि सात शोधावेत. वर पोहोचल्यावर राजा मानसिंह तोमराच्या मान मंदिराची भिंत बाहेरूनच निवांत पाहावी. निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांत बदके, हत्ती आणि केळीची झाडे बसवलेली आहेत. पुढे सास-बहू मंदिर आणि तेली का मंदिर पाहून उरवाईच्या बाजूने उतरताना कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती दिसतात. या साऱ्याला चार तास सहज लागतात. जयविलास राजवाडा त्याच दिवशी कोंबू नये.

संध्याकाळ मित्राची. त्याला घराबाहेर पडावेसे वाटलेच, तर तानसेनाच्या समाधीपाशी जावे. तिथल्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो असे म्हणतात. आमच्या दोघांच्याही गळ्यावर काही परिणाम झालेला नाही.

रविवारी सकाळी लवकर निघून फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंची समाधी पाहावी आणि मग झाशीची गाडी धरावी. अंतर सुमारे 100 किलोमीटर असून या मार्गावर गाड्या पुष्कळ आहेत. अशाने 1858 च्या जूनमधला शेवट आधी आणि त्याच वर्षीचा मार्च-एप्रिलमधला झाशीचा वेढा नंतर, असा इतिहास उलटा पाहिला जातो खरा, पण परतीची गाडी झाशीहून सुटत असल्याने त्याला इलाज नाही. झाशीला क्लोक रूममध्ये बॅग ठेवायची असेल तर ती कुलूपबंद असावी लागते, म्हणून छोटे कुलूप घरूनच न्यावे. किल्ला 1613 मध्ये ओरछाच्या वीरसिंहदेवाने बांधला आणि पुढे मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी तो वाढवला. कडक बिजली तोफ पाहिल्यावर गुलाम गौस खान या तोफचीची कबर चुकवू नये; राणीमहाल तिथून जवळच आहे. अडीचपर्यंत स्टेशनवर परत असावे.

परतीच्या प्रवासात ग्वाल्हेर सुटल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने खिडकीकडे लक्ष ठेवावे. मुरैना मागे पडले की दोन्ही बाजूंना मातीच्या घळी सुरू होतात, आणि त्या संपायच्या आत गाडी चंबळचा पूल ओलांडते.