खोकड-कोल्ह्यांच्या रक्तातले परजीवी शोधताना या चुका टाळा

खोकड (इंडियन फॉक्स) पकडून, भूल देऊन रक्त काढायचं म्हणजे वनविभागाच्या परवानगीपासून पिंजऱ्यापर्यंत महिनोन्‌महिने जातात. प्राण्याचं वजन जेमतेम दोन-तीन किलो. त्याच्याकडून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि त्याला सोडून द्यायचं. तोच प्राणी पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते. इतक्या कष्टाने मिळालेलं रक्त पुढच्या अर्ध्या तासात निष्काळजीपणाने वाया गेलेलं बघवत नाही. आणि हे सतत घडतं. परजीवी ओळखता न येणं ही क्वचितची अडचण आहे. बहुतेक नुकसान स्लाइड मायक्रोस्कोपखाली जाण्याआधीच झालेलं असतं.

"स्मिअर लॅबमध्ये गेल्यावर करू"

सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी भरली, बर्फाच्या डब्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, ओढला, असं करू नका. हिपॅटोझून कॅनिस हा परजीवी पांढऱ्या पेशींत, मुख्यतः न्यूट्रोफिलमध्ये, बसतो. लांबट, दोन्ही टोकांना गोल, साधारण ११ × ४ मायक्रॉन, जिम्सा स्टेनमध्ये (पेशी रंगवणाऱ्या द्रवात) फिकट निळा. नळीत रक्त पडून राहिलं की तो काही तासांतच पेशीतून बाहेर पडू लागतो आणि मागे रिकामं कवच उरतं. न्यूट्रोफिलही फुगून फुटायला लागतात. मग अहवालात "आढळला नाही" असं लिहिलं जातं, आणि त्या प्राण्याच्या रक्तात तो सकाळी भरपूर असतो.

ट्रिपॅनोसोमा एव्हान्साय, म्हणजे सर्रा या रोगाचा परजीवी, शोधायचा असेल तर थेंबभर ताजं रक्त कव्हरस्लिपखाली ठेवून जागेवरच बघा. वळवळणारा जिवंत परजीवी तेव्हा कमी भिंगातही लक्षात येतो. संध्याकाळपर्यंत थांबलात तर ती संधी गेली.

म्हणून सुई बाहेर काढल्यावर पहिलं काम स्मिअरचं. दोन पातळ स्मिअर नळीतल्या रक्ताचे आणि एक कानाच्या टोकाला टोचून आलेल्या थेंबाचा. मोठ्या आकाराचे बॅबेसिया (तांबड्या पेशींतले परजीवी) केशवाहिन्यांत जास्त सापडतात, त्यामुळे हा तिसरा स्मिअर चुकवू नका. स्लाइडवर प्राण्याचा क्रमांक पेन्सिलीने, घासलेल्या काचेच्या पट्टीवर. मार्कर पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते.

पावसाळ्यातला "बॅबेसिया"

दर पावसाळ्यात हे ठरल्यासारखं घडतं. जुलैचा दमट दिवस. स्मिअर छान ओढलेले, पण वाळायला पाच-सात मिनिटं लागलेली. मिथेनॉलची बाटली सकाळपासून उघडी. स्टेन केल्यावर विद्यार्थी धावत येतात: प्रत्येक फील्डमध्ये (भिंगाखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात) अंगठीसारखे ठिपके, तांबड्या पेशींचं प्रमाण काढलं तर निम्म्याहून जास्त बाधित! एवढी बाधा असलेला प्राणी पिंजऱ्यात उड्या मारत होता, गुदद्वाराशी थर्मामीटर लावला तर ताप नव्हता, डोळ्यांच्या आतली त्वचा गुलाबी होती. तेवढ्यावरच थांबून शंका घ्यायला हवी. तसं न होता आकडा तक्त्यात जातो, तक्ता प्रबंधात जातो, आणि दोन वर्षांनी कुणी तरी त्याच रक्ताची पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) करतं तेव्हा काहीच सापडत नाही.

घडतं ते असं. स्मिअर हळू वाळला की तांबड्या पेशींत ओलाव्याच्या खुणा राहतात. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी शिरलेल्या मिथेनॉलने फिक्स केलेल्या पेशींना कसर लागल्यासारखी भोकं पडतात. फाइन फोकस वर-खाली करून बघा. ओलाव्याची खूण चमकते, आणि फोकस हलवला की तिचा काळा-पांढरा रंग पालटतो. खऱ्या परजीवीत जांभळट-लाल क्रोमॅटिनचा ठिपका आणि त्याला लागून निळसर सायटोप्लाझम दिसलंच पाहिजे, आणि तेही पेशीच्याच पातळीवर. पेशीवर चढून बसलेल्या प्लेटलेटभोवती फिकट कडं असतं. हॉवेल-जॉली बॉडी (तांबड्या पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा) एकच, गर्द, गोल असते आणि तिला निळा भाग नसतो. स्टेनचा गाळ पेशींवर आणि पेशींच्या बाहेर सारखाच पडलेला असतो.

उपाय कष्टाचे नाहीत. बॅटरीवरचा छोटा पंखा सोबत ठेवा आणि स्मिअर अर्ध्या मिनिटात वाळवा. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ लागते. मिथेनॉल छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत न्या आणि रोज नवीन ओता. दोन-तीन मिनिटं बुडवून फिक्स करायचं, तेही त्याच दिवशी. नंतर स्लाइड सिलिका जेलच्या डब्यात. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका, काचेवर दंव धरतं.

जिम्सा स्टेन एक भाग आणि बफर नऊ भाग, पीएच ७.२, वीस ते तीस मिनिटं. मिसळलेला स्टेन वापरून फेकून द्या, उद्यासाठी ठेवू नका. बफरऐवजी बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या स्लाइड कधी निळ्या, कधी लाल होतात, आणि मग दोष स्टेनच्या कंपनीला दिला जातो. दोन मिनिटांचे झटपट स्टेन घाईच्या तपासणीला ठीक आहेत, संशोधनाच्या स्लाइडला नाहीत.

याच ओघात एक गोष्ट: फॉर्मॅलिनची बरणी आणि स्मिअरचा डबा एकाच पेटीत ठेवू नका. झाकण बंद असलं तरी वाफ पोचते, आणि अशा स्मिअरवर जिम्सा नीट चढतच नाही.

फक्त मधला भाग बघणं

हिपॅटोझून, मोनोसाइट या पांढऱ्या पेशीतला अर्लिकिया हा जिवाणू आणि मायक्रोफिलारिया (फायलेरिया जंतांच्या सूक्ष्म अळ्या) स्मिअर ओढताना पिसासारख्या टोकाकडे आणि कडांकडे सरकतात. आधी तिथे बघा. बॅबेसियासाठी ऑइल इमर्शनमध्ये किमान शंभर फील्ड. वीस फील्ड बघून "निगेटिव्ह" लिहिण्यात अर्थ नाही.

आकार बघून नाव ठेवणं

दुसरी मोठी चूक ही. १९१० मध्ये पॅटन यांनी मद्रास हंट या शिकारी मंडळाच्या कुत्र्यांच्या रक्तात एक छोटा पायरोप्लाझ्म (बॅबेसिया-थायलेरिया गटातला परजीवी) नोंदवला, आणि पुढे तोच कोल्ह्याच्या (जॅकलच्या) रक्तातही दाखवला. हा बॅबेसिया गिब्सोनी. त्यामुळे आपल्याकडे कोल्ह्याच्या तांबड्या पेशीत छोटा परजीवी दिसला की लगेच गिब्सोनी लिहिण्याची सवय आहे. पण छोटे पायरोप्लाझ्म अनेक आहेत, आणि मायक्रोस्कोपखाली ते वेगळे सांगता येत नाहीत.

युरोपातल्या लाल कोल्ह्यांत (रेड फॉक्समध्ये) आढळणाऱ्या एका परजीवीचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. २००० साली स्पेनशी संबंध असलेल्या एका कुत्र्यातल्या परजीवीला थायलेरिया अ‍ॅनी हे नाव मिळालं. काहींनी त्याला "बॅबेसिया मायक्रोटीसारखा" म्हटलं, काहींनी बॅबेसिया अ‍ॅनी. २०१५ मध्ये बॅबेसिया व्हल्पीस हे नाव सुचवलं गेलं आणि २०१९ मध्ये ते रीतसर प्रस्थापित झालं. जीव एकच, नावं चार. जुने अहवाल फक्त नव्या नावाने शोधाल तर निम्मं काम निसटेल, आणि चार नावांना चार प्रजाती समजलात तर तक्ताच चुकेल.

पीसीआरनेही घाई माफ होत नाही. १८एस आरआरएनए जनुकाचे सर्वसाधारण प्रायमर बॅबेसिया, थायलेरिया आणि अनेकदा हिपॅटोझूनही उचलतात. पीसीआरनंतर जेलवर दिसलेली पट्टी म्हणजे प्रजातीचं नाव नव्हे, सीक्वेन्सिंग करून डीएनएचा क्रम वाचा. तोपर्यंत वहीत "छोटा पायरोप्लाझ्म" एवढंच लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. पीसीआरसाठी रक्त ईडीटीएमध्येच घ्या, हेपॅरिन प्रतिक्रिया अडवतं. नळीही रक्ताच्या मापाची निवडा: दोन मिलीच्या नळीत अर्धा मिली रक्त घातलं तर जादा ईडीटीएने पेशी आकसतात.

छोट्या पण रोजच्या चुका

मायक्रोफिलारिया दिसली म्हणून हार्टवर्म (हृदयातला जंत) लिहू नका. एक मिली रक्त आणि दोन टक्के फॉर्मॅलिन नऊ मिली, पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज, तळाच्या गाळात मिथिलीन ब्लू, आणि मग लांबी मोजा. फॉर्मॅलिनचं प्रमाण बदललं की लांबी बदलते आणि पुस्तकातली मापं लागू पडत नाहीत.

गोचिडात परजीवीचा डीएनए मिळाला म्हणजे ती वाहक ठरत नाही. रक्त प्यायलेल्या गोचिडाच्या पोटात यजमानाचा परजीवी असणारच. हिपॅटोझून तर चावण्यातून जातच नाही, प्राण्याने गोचीड खाल्ल्यावर जातो. गोचिडी ७० टक्के किंवा जास्त इथेनॉलमध्ये ठेवा.

भुलीच्या काही औषधांनी प्लीहा फुगते आणि तांबड्या पेशी तिथे साठतात. तेव्हाचा कमी पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) परजीवीच्या नावावर टाकू नका. कोणतं औषध, किती मिनिटांनी रक्त काढलं, हे लिहून ठेवा.

नोंदवहीत नुसतं "कोल्हा" लिहू नका. बऱ्याच गावांत खोकडालाही कोल्हाच म्हणतात, आणि हिंदीतली "लोमडी" ऐकून मराठीत कोल्हा लिहिणारेही आहेत. शेपटीचं टोक काळं असलेला बारका प्राणी खोकड. कान, शेपूट आणि दात यांचे फोटो प्रत्येक क्रमांकासोबत हवेतच.

परजीवी सापडला म्हणजे प्राणी आजारी आहे असंही नाही. जंगली श्वानकुळात हिपॅटोझून आणि छोटे बॅबेसिया लक्षणांविना वर्षानुवर्षं राहतात. बचाव केंद्रात आलेल्या धडधाकट खोकडाला स्लाइड बघून इमिडोकार्ब हे परजीवीविरोधी औषध टोचणं चूक आहे. छोट्या बॅबेसियावर ते फारसं चालत नाही, आणि हिपॅटोझूनही त्याने पूर्ण निघत नाही. ताप, फिकटपणा, अशक्तपणा असेल तरच उपचाराचा विचार करा, आणि त्याआधी डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग तपासा. रस्त्यावर मेलेल्या कोल्ह्याच्या रक्तात हिपॅटोझून मिळाला, म्हणून तो त्यानेच मेला असं लिहिलेले अहवाल वाचून त्रास होतो.

मेलेल्या प्राण्यात रक्त गोठलेलं असतं. अशा वेळी प्लीहेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा ९६ टक्के इथेनॉलमध्ये, दहापट द्रवात ठेवा, आणि प्लीहेच्याच ताज्या कापावर स्लाइड टेकवून ठसा घ्या. हा नमुना हृदयातल्या गुठळीपेक्षा जास्त भरवशाचा असतो. रेबीजची लस आधी घेतली नसेल तर अशा प्राण्याला हात लावू नका. डोकं उघडताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, आणि मेंदूचा नमुना रेबीजसाठी पाठवल्याशिवाय बाकीचं काम सुरू करायचं नाही.